झाडून काढलेलं जंगल

माझ्या वडिलांनी जंगल झाडून काढलं होतं. अगदी नीट, खराटा घेऊन. मी मातीचे नमुने घ्यायला येणार हे कळल्यावर त्यांनी आदला सगळा दिवस खपून प्रत्येक झाडाखालचा पाला, काटक्या, काडीकचरा गोळा केला, पोत्यांत भरून उताराच्या खाली नेऊन टाकला, आणि वर पायवाटेच्या कडेचे दगड चुन्याने रंगवले. मी पोचले तेव्हा ते त्या पांढऱ्या दगडांच्या रांगेच्या टोकाला इस्त्रीच्या शर्टात उभे होते आणि माझ्यामागून आणखी कोणी साहेब उतरतात का ते बघत होते.

"बाबा, हे काय केलंत?"

"अगं, इन्स्पेक्शन आहे ना आज?"

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात आयुष्य काढलेल्या माणसाला तपासणी म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. फायली कपाटात जातात, कुंड्या बाहेर येतात आणि जे जे हलत नाही त्याला चुना लागतो. मी एका संशोधन संस्थेत मातीवर काम करते. जंगलातली माती काय खाऊन जगते, तिच्यातला कार्बन कुठल्या झाडापाल्यातून आला, हे शोधणं माझं काम. आणि मातीचं निम्मं खाणं त्या पाल्यात असतं. घरी काय शिजलं होतं ते बघायला कोणी येणार म्हणून आधीच सगळी भांडी घासून पालथी घालून ठेवावीत, तसा हा प्रकार होता.

मी चिडले. मी पटकन चिडते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचं कोणी फारसं मनावर घेत नाही. बाबांनी तर अजिबातच घेतलं नाही. त्यांनी माझ्या हातातली अवजारांची पिशवी काढून घेतली आणि पुढे चालायला लागले.

ही पिशवी काढून घेणं ही त्यांची जुनी खोड. ते आणि आई दिल्लीत द्वारकेला राहतात, मी गुरुग्रामला. दर रविवारी सकाळी ते गाडी असूनही मेट्रोने आणि मग रिक्षाने माझ्या तेराव्या मजल्यावर येतात, हातात भाजीची जड पिशवी. तोंडली, कोवळा दुधी, कधी आळूची पानं, जी त्यांनी कुठल्याशा सोसायटीच्या माळ्याला पटवून मिळवलेली असतात. "बाबा, गुरुग्राममध्ये भाजी मिळते हो," हे मी दर रविवारी म्हणते. "मिळत असेल," असं ते दर रविवारी म्हणतात आणि पिशवी ओट्यावर ठेवतात. त्यावरून आमचं भांडणही होतं. मी पन्नाशीच्या जवळ आलेली बाई आहे, स्वतःची गाडी चालवते, माझ्या हाताखाली माणसं आहेत. आणि हा गृहस्थ गुडघे दुखत असताना मला दुधी पोचवतो.

तर हा उतार. मानेसरच्या पलीकडे अरवलीचा एक तुकडा आहे. तिथे पूर्वी दगड काढायचे. खाण बंद पडली, मागे खडी, खड्डे, गवत आणि विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, एवढंच राहिलं. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या सोसायटीतल्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी वनखात्याच्या परवानगीने हा तुकडा सांभाळायला घेतला. सुरुवातीला बरेच जण होते, थर्मास आणि टोप्या घेऊन यायचे. मग कोणाचे गुडघे गेले, कोणी मुलाकडे बंगळूरला गेलं, कोणाला तिथलं ऊन सोसेना. बाबा उरले.

त्यांनी तिथे मुख्यतः धाऊ लावला. आपल्याकडच्या धावड्याचा हा उत्तरेतला चुलतभाऊ. या टेकड्यांचं मूळचं झाड. पण एक पंचाईत आहे. धाऊ वर्षानुवर्षं वर जायचं नावच घेत नाही. तो भुईसरपट पसरतो, गुडघ्याएवढा राहतो, शेळ्या आणि नीलगाई त्याला खातात, तो पुन्हा फुटतो. ज्याला झाडांतलं कळत नाही त्याला ते झुडूपही वाटत नाही, बिनकामाचं गचपण वाटतं. इतक्या वर्षांच्या राबण्यानंतर बाबांकडे दाखवायला होतं ते हे.

आणि आता ते दाखवायची वेळ आली होती. मानेसरमधल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीने तो उतार मागितला होता. तिथे हिरवळ करायची, झटपट वाढणारी झाडं लावायची, व्यायामाची यंत्रं बसवायची, कामगारांना रविवारी बसायला जागा. वाईट बेत नव्हता. वनखात्याच्या अधिकारी बाईंनी बाबांना बोलावून सरळ विचारलं की पावसाळ्याआधी आम्हाला ठरवायचं आहे, तुमच्या झाडांनी तिथे जंगल व्हायला सुरुवात झाली आहे असं काही दाखवता येईल का. नसेल, तर तुम्ही ना-हरकत लिहून द्या, म्हणजे आम्हालाही वाईट वाटायला नको.

बाबांनी त्याच दिवशी मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाबद्दल नीट प्रश्न विचारला. "तुझं ते यंत्र," ते म्हणाले, "ते माती बघून सांगतं ना, की जंगल आहे की नाही?"

तसं नाही, पण अगदीच चूकही नाही. हवेतल्या कार्बनमध्ये बहुतेक सगळा साधा असतो आणि अगदी थोडा किंचित जड असतो. दोन्ही टिकाऊ, दोन्ही निरुपद्रवी, फरक फक्त वजनाचा. शास्त्रात त्यांना समस्थानिकं म्हणतात. झाडं हवा आत घेताना जड कार्बन बऱ्यापैकी नाकारतात. इथल्या उन्हाळी प्रदेशातली गवतं तेवढी चोखंदळ नसतात, ती जडही घेतात. पान गळून कुजलं, मूळ मेलं, की तो कार्बन मातीत जातो आणि ही वजनाची खूण जवळजवळ तशीच घेऊन जातो. म्हणून मूठभर माती यंत्रात घातली की एक आकडा येतो. झाडांचा उणे सव्वीस-सत्तावीसच्या आसपास, गवतांचा उणे बारा-तेराच्या आसपास. गवताच्या माळावर झाडं आली तर वरच्या थराचा आकडा हळूहळू झाडांकडे सरकतो आणि खाली जुनं गवत तसंच राहतं. ते सरकणं दिसलं तर म्हणता येतं की इथे काहीतरी सुरू झालंय, मग झाड गुडघ्याएवढं का असेना.

बाबांना मी हे फोनवर समजावलं तेव्हा ते म्हणाले, "अच्छा. म्हणजे कॉन्फिडेन्शियल रिपोर्ट." मी म्हटलं, तसंच समजा.

मार्चअखेरीची ती सकाळ. मी झाडाझाडांखाली छोटे चौकोनी खड्डे घेतले, थराथराने माती काढली, पुड्या बांधल्या. बाजूच्या मोकळ्या गवतातून घेतली. आणि शेजारच्या गावाची एक बनी आहे, आपल्याकडच्या देवराईसारखी, जिथली काटकीसुद्धा कोणी मोडत नाही, तिच्या कडेची थोडी माती गावच्या लोकांना विचारून घेतली. म्हणजे एका टोकाला गवत, दुसऱ्या टोकाला जुनं जंगल, मध्ये बाबा. उतारावर वरच्या बाजूलाही धाऊ होता. मी तिकडे वळले तर बाबा म्हणाले, "वर नको. तिकडे काही केलेलं नाही, ते टाकल्यासारखंच आहे. जे चांगलं आहे ते बघ." ऊन चढलं होतं आणि माझ्या पिशव्या भरल्या होत्या. मी खालच्या भागावर थांबले.

परत येताना त्यांच्या गाडीत बसले. माझी गाडी दुरुस्तीला होती, म्हणून सकाळी टॅक्सीने आले होते. गाडीत एक आंबूस-गोडसर वास होता आणि मागच्या सीटवर मुंग्यांची रांग चालली होती. मी विचारलं. "सीझन आहे मुंग्यांचा," बाबा म्हणाले आणि खिडकी उघडली.

मग माझं नेहमीचं काम. माती वाळवायची, चाळायची, चिमट्याने बारीक मुळं वेचायची. आम्लाने धुवायची, कारण आमच्या भागातल्या मातीत चुनखडीचे खडे असतात आणि त्यातला कार्बन झाडाचा नसतो, दगडाचा असतो. बाबांचे ते रंगवलेले दगड आठवून मी एकदा जास्तच धुतली. मग दळायची, आणि कथलाच्या नखाएवढ्या वाटीत चिमूटभर घालून वाटी मिटायची. पुड्यांवर मी सहकाऱ्याकडून नवे क्रमांक घालून घेतले आणि कोणता क्रमांक कुठल्या मातीचा याची किल्ली त्याच्याकडे ठेवली. उद्या कोणी म्हणायला नको की मुलीने बापाच्या झाडांना मार्क वाढवले.

यंत्र दुसऱ्या संस्थेत आहे आणि त्याच्यासमोर रांग असते. आकडे आले तेव्हा एप्रिल निम्मा होत आला होता. सहकाऱ्याने किल्ली दिली. बनीचा आकडा झाडांचा, हवा तसा. मोकळ्या माळाचा गवताचा, हवा तसा. आणि बाबांच्या झाडांखालचा वरचा थरसुद्धा गवताचा. काठावरचा नव्हे, सरळ गवताचा. माळापेक्षा काही ठिकाणी थोडा जास्तच.

मला धक्का बसला, हे कबूल करते. मी म्हणत होते की आकडा येईल तो येईल, आणि आत कुठेतरी धरून चालले होते की तो चांगला येईल. चुना राहिला असेल असं समजून मी सगळं पुन्हा धुतलं, पुन्हा रांगेत लावलं. पुन्हा तेच. एक गोष्ट मात्र डोक्यात टोचत राहिली. त्या झाडांखाली कार्बन कमी नव्हता, उलट माळापेक्षा कितीतरी जास्त होता. आणि झाडांखाली गवत नव्हतंच, कारण बाबा ते दर आठवड्याला उपटायचे. मग एवढं गवत त्या मातीला खाऊ घातलं कोणी?

उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि बाबांचे फोन थांबत नव्हते. शनिवारी द्वारकेला गेले. ते दिवाणखान्यात वाट बघत बसले होते, टीव्ही बंद करून. मी जे होतं ते सांगितलं. वळसे घेऊन सांगणं मला जमत नाही.

त्यांनी चष्मा पुसला.

"म्हणजे इतकी वर्षं मी गवतच राखलं."

"तसं नाही बाबा. एक गोष्ट जुळत नाहीये. मला थोडा वेळ..."

"नाही, नाही. क्लिअर आहे." ते उठले, टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला. "ना-हरकत देऊन टाकतो मी. लोकांना बसायला जागा होईल. चांगलंच आहे. बिल्कुल चांगलं आहे."

त्यांचा आवाज साधा होता. मला तो सहन झाला नाही. माझ्या आठवणीत बाबांनी कशावरचाही हक्क असा एका वाक्यात सोडलेला नाही. सोसायटीच्या पार्किंगसाठी त्यांनी वर्षभर अर्ज केले आहेत.

"आधी जेवून घ्या," आईने आतून सांगितलं. "कागद कुठे पळून जात नाही."

आईने ज्वारीची भाकरी केली होती. द्वारकेत चांगलं पीठ मिळत नाही म्हणून ते साताऱ्याहून येतं. जेवताना शांतता नको म्हणून मी बोलत राहिले. भाकरीचा तुकडा हातात धरून आईला समजावलं की ही ज्वारीसुद्धा त्या यंत्राच्या लेखी गवतच. गहू, तांदूळ झाडांच्या बाजूचे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस गवताच्या बाजूचे. तुझ्या केसाचा तुकडा यंत्रात घातला तर त्याला कळेल की ही बाई आयुष्यभर भाकरी खात आली आहे.

"ऊससुद्धा?" आईने विचारलं.

"ऊससुद्धा. ऊस म्हणजे थोराड गवतच की."

आईने वाटीत आमटी वाढली. "मग यांच्या डिकीतल्या मुंग्यांना विचार ना. मेल्या माझ्या भाजीच्या पिशवीतसुद्धा शिरतात."

मी बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते.

"बाबा. डिकीत काय असतं?"

"काही नाही गं. चिपाडं."

"कसली चिपाडं?"

"उसाची. रसाच्या गाड्यांवरची. ते लोक फेकूनच देतात." मग जरा आवाज चढवून, जसे ते कार्यालयातल्या वरिष्ठांना नियम सांगत असतील तसे: "आमच्याकडे शेताला उसाचं पाचट पसरतात. ओल टिकते, जमीन भुसभुशीत होते. इथे पाचट कुठून आणू? चिपाड मिळतं, तर चिपाड. दर उन्हाळ्यात घालतो मी, एकेका झाडाला. त्यांच्यामुळे तर जगली ती."

"आणि मी आले तेव्हा ती कुठे होती?"

"झाडून टाकली. साहेबांना कचरा दाखवतात का?"

मी हसायला लागले. मला आवरेना. आई आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग तीही हसली, कारण काही कळलं नाही तरी काहीतरी बरं झालंय हे तिला कळलं होतं. बाबा मात्र हसले नाहीत. आपल्या हातून काय बिघडलं याचाच ते विचार करत होते. मी त्यांना सांगितलं की बिघडलं काही नाही. त्या मातीत जे गवत दिसतंय ते माळाचं नाही. सेक्टरासेक्टरातल्या रसाच्या गाड्यांवरून गोळा करून, डिकीत भरून, खांद्यावरून उतारावर नेऊन जे तुम्ही वर्षानुवर्षं पसरलंत, ते माझ्या यंत्राने वाचलं. त्याला काय माहीत, त्याने गवत म्हणून सांगितलं. झाडांनी काय केलं ते या उसाखाली झाकलं गेलंय.

"मग आता?"

"आता जिथे तुम्ही काहीच केलं नाही तिथे जायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. मे महिन्याच्या तोंडावर तिथे सकाळचेच काही तास काम होतं, नंतर दगड तापतात. बाबा वरच्या उतारावर जायला अजून नाखूष होते. गुडघे दुखायला लागल्यापासून पोतं वर जात नव्हतं, पाण्याचा कॅनही जात नव्हता, त्यामुळे वरची झाडं लावल्यानंतर पहिली काही वर्षं सोडली तर तशीच पडली होती. ही गोष्ट त्यांना मनातून फार लागलेली होती, हे मला त्या चढावर कळलं. ते मागून, थांबत थांबत येत होते आणि म्हणत होते, "इथलं तू धरू नकोस हं. इथे माझं लक्ष नव्हतं."

वर धाऊ खालच्यासारखाच गुडघ्याएवढा होता. पण त्याच्याखाली पाला होता. कोणी न झाडलेला, पायाखाली वाजणारा, बारीक तांबूस पानांचा. मी गुडघ्यावर बसून तो हाताने बाजूला केला. खाली नखभर जाडीचा काळसर थर होता, त्यात पांढऱ्या बुरशीचे धागे. तो हातात घेतला की विस्कटत नव्हता. मी इतकी वर्षं माती बघते आहे. कोणत्याही यंत्राआधी मला समजलं की हे काय आहे. पण बोलले नाही, कारण माझ्या समजण्यावर वनखातं चालत नाही.

मागून बाबा वाकले आणि सवयीने एका झाडाखालच्या काटक्या उचलायला लागले.

"हात लावू नका," मी ओरडलेच.

त्यांनी झटकन दोन्ही हात मागे बांधले आणि मी खड्डे घेईपर्यंत तसेच उभे राहिले.

या वेळी डिकीतलं एक चिपाडही मी पुडीत बांधून नेलं. यंत्राने ते ऊस म्हणजे गवत असंच सांगितलं, अपेक्षेप्रमाणे. खालच्या झाडांखालच्या मातीचा एक भाग मी भिंगाखाली पसरला तर त्यात उसाचे तंतू सरळ दिसत होते, कुजत आलेले. आणि वरच्या उतारावरचा पातळ काळा थर बनीकडे सरकला होता. अर्ध्याहून बरंच पुढे. त्याच्या खालची माती अजून जुन्या माळाची होती, म्हणजे हे नवीन होतं आणि वरून येत होतं. मी किल्ली लावून आकडे दोनदा पडताळले आणि मग प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात जाऊन बाबांना फोन केला. त्यांना म्हटलं, ना-हरकतीचा कागद फाडा. ते म्हणाले, "मी लिहिलाच नव्हता. पेन चालत नव्हतं." घरात डझनभर पेनं असणाऱ्या माणसाने हे सांगितलं.

बैठक जूनच्या सुरुवातीला त्या उताराच्या पायथ्याशीच झाली, एका कडुनिंबाखाली. अधिकारी बाई होत्या, कंपनीचा व्यवस्थापक होता, बाबा आणि मी. मी जे माहीत आहे ते सांगितलं आणि जे माहीत नाही तेही सांगितलं: खालच्या भागाबद्दल मी काही म्हणू शकत नाही, कारण यंत्राला ऊस आणि गवत वेगळं काढता येत नाही. वरच्या भागात झाडांनी माती घडवायला सुरुवात केली आहे. थर पातळ आहे. एकदा उकरला की संपला.

"पर मैडम, पेड़ तो घुटने तक के हैं," व्यवस्थापक म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता, खरंच गोंधळला होता.

"धाऊ ऐसा ही होता है," माझ्याआधी अधिकारी बाईच म्हणाल्या. "पहले नीचे का काम करता है."

त्यांनी उतार राखायचं ठरवलं. कंपनीला रस्त्यालगतची सपाट जागा द्यायची, हिरवळ तिथे होऊ दे. व्यवस्थापकालाही ते बरं वाटलं, कारण तिथे पाणी पोचवणं सोपं होतं. फक्त एक अट घातली. उतारावर आता काही करायचं नाही. झाडायचं नाही, उपटायचं नाही, बाहेरचं काही आणून घालायचं नाही.

"फिर मैं क्या करूँ?" बाबांनी विचारलं.

"आप बस आइए, अंकल. देखिए," बाई म्हणाल्या.

परतताना गाडी मी चालवत होते. मानेसरचे कामगार पाळी संपवून कंपनीच्या बसांमध्ये चढत होते आणि रस्ता अडला होता. मला खूप आनंद झाला होता आणि मला वाटत होतं की बाबाही आनंदात असतील. ते बाहेर बघत होते.

"म्हणजे मी नसतो तरी झालं असतं," ते म्हणाले.

"लावली कोणी ती झाडं?"

"लावली. पण पुढे ज्यांच्यासाठी मी मरमर मेलो तिथे काही दिसलं नाही. जी टाकली त्यांनी आपलं आपण केलं."

मला ते लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. सिग्नलला गाडी थांबल्यावर मी म्हटलं, "खालच्या मातीत तुम्ही नेलेला ऊस आहे, बाबा. ती माती माळापेक्षा चांगली आहे. मी मोजलंय."

"किती आहे?"

"नेमकं सांगता येणार नाही. सांगितलं ना, गवत आणि ऊस..."

"पण आहे ना?"

"आहे."

"मातीतच?"

"मातीतच. मुळांपाशी."

त्यांनी मान हलवली आणि मग घर येईपर्यंत पार्किंगच्या अर्जाबद्दल बोलले.

द्वारकेत त्यांच्या सेक्टरच्या तोंडाशी रसाची गाडी असते. आम्हाला बघून रसवाल्याने गाडीच्या बाजूची भरलेली गोणी दाखवली. "बाऊजी, बोरी तैयार है." बाबांनी काच खाली केली. "नहीं भाई. अब नहीं चाहिए," ते म्हणाले, "अब वो अपना खुद कर लेते हैं." मला नोकरी लागली त्या वर्षी ते नातेवाइकांना फोनवर माझ्याबद्दल असंच सांगायचे, याच आवाजात, आता तिचं ती करते म्हणून. तेव्हा मला तो अभिमानच वाटला होता.

पुढच्या रविवारी सकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. बाबा उभे होते, घामाघूम, दोन्ही हात मागे बांधून. मी वाट बघितली. त्यांनी हात पुढे आणले नाहीत. चपला काढल्या, आत आले, सोफ्यावर बसले. हात रिकामे होते.

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले. ओट्यावर काही नव्हतं आणि स्वयंपाकघर मला एकदम परकं वाटलं.

"भाजी नाही आणली?" मी विचारलं.

"तू म्हणतेस ना. मिळते इथे." ते जरा ओशाळून हसले. "मी म्हटलं, खरंच आहे. तुझं तू करतेस. उगाच कशाला."

मी त्यांच्यासमोर बसले. सांगायचं बरंच होतं. त्या मातीतल्या तंतूंबद्दल, आणि या ओट्यावर इतक्या रविवारी जे येऊन पडलं त्याबद्दल. माझा कार्बन कुठून आलाय हे शोधायला मला कुठल्याही यंत्रासमोर रांग लावायची गरज नव्हती. पण हे असं बोलणं आमच्या घरात कोणाला येत नाही, मला तर नाहीच.

"तोंडली आणायची होती," मी म्हटलं. "इथली अगदी जून असतात."

ते खोटं होतं. माझ्या सोसायटीखालच्या भाजीवाल्याकडे कोवळी तोंडली असतात, आणि ते त्यांनाही माहीत होतं, कारण येता-जाता ते त्याच्याशी भावावरून हुज्जत घालतात. त्यांनी पेला खाली ठेवला.

"पुढच्या रविवारी आणू?"

"आणा."

"अर्धा किलो की एक?"

"एक," मी म्हटलं.